निपाणीची अकरा नंबर

गणपती गेले की बेळगावात कॉलेजांच्या हॉकीला तोंड फुटतं. मैदान अजून पुरतं वाळलेलं नसतं, बॉल मधेच चिखलात रुतून बसतो, आणि सुट्टीत सुस्तावलेल्या पोरींचा दम पहिल्या धावेतच निघतो. तरी सीझनची पहिली टूर्नामेंट टिळकवाडीतच व्हायची आणि ती आपणच जिंकायची, असा बेळगावच्या कॉलेज टीमच्या कोच मंगल मॅडमचा हट्ट.

मंगल मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. नोकरीला लागल्या तेव्हा इथल्या पोरी 'मी जातो, मी येतो' म्हणाल्या की त्यांना हसू आवरायचं नाही. आता वीस-बावीस वर्षांनी त्या स्वतःच 'मी येतो गं' म्हणत ग्राउंड सोडतात. त्यांची एक रीत होती. टूर्नामेंट जवळ आली की समोरच्या टीमा आधी नजरेखालून घालायच्या. "सोयरीक करायची तर घर बघून येतोय न्हवं? मग मार खायच्या आधी कुणाचा खायचाय ते बघून येऊ या की," असं त्या म्हणत.

या खेपेला धारवाडची टीम त्यांनी स्वतः पाहिली होती. खानापूरच्या पोरी सरावाला इथंच यायच्या, त्यांची नस न् नस ठाऊक होती. राहिली निपाणी. पहिलीच मॅच निपाणीशी पडली होती, आणि त्या टीमबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. रविवारी त्यांची कोल्हापूरच्या एका कॉलेजाशी सरावाची मॅच आहे, एवढं मात्र कळलं होतं.

"करिष्मा, तू जा," मॅडम म्हणाल्या. "तसं पण बोट सुजलंय, सराव करायचा न्हायच तुला. डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद."

करिष्मा येळ्ळूरची. वडील सकाळी शेतात आणि दुपारपाळीला उद्यमबागेतल्या कारखान्यात. ती टीमची सेंटर हाफ, मैदानाच्या मधोमध खेळणारी. सरावात कुणाची तरी स्टिक डाव्या हाताच्या करंगळीवर बसली, तेव्हापासून करंगळी आणि शेजारचं बोट एका पट्टीत बांधून ती फिरत होती. ती हो म्हणाली. निपाणीत आपलं कोण राहतं, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

निपाणीत प्रियदर्शनी होती.

प्रियदर्शनी मूळची बेळगावातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. तिच्या घरात माग चालू असले की समोरासमोर बसूनही ओरडून बोलावं लागायचं, म्हणून ती मैदानावरही ओरडूनच बोलायची. दोघी हायस्कुलापासून एकत्र खेळल्या. करिष्मा मध्ये, प्रिया डाव्या विंगेवर. त्या दोघींचा एक बॉल होता. करिष्माकडे बॉल आला की ती मान वर न करता तो डाव्या कोपऱ्यात, जिथं चिटपाखरू नाही अशा जागी मारायची. बघणारे ओरडायचे, "अगं कुणाला मारतीस?" आणि तोवर त्या रिकाम्या जागेत प्रिया पोचलेली असायची. कुणी कुणाला खूण करत नव्हतं. कसं जमतं म्हणून सर विचारायचे, तर दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या, कारण त्यांनाही ते सांगता येत नव्हतं.

मग बारावीच्या निकालानंतर प्रियाच्या वडिलांनी माग विकले. साड्यांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. निपाणीला तिच्या मामांच्या ओळखीनं त्यांना कापडदुकानात काम मिळालं आणि सगळं घरच तिकडं गेलं. सुरवातीला रोज फोन. मग आठवड्याला. मग 'कशी हाईस', 'बरी हाय' एवढेच मेसेज, आणि पुढं तेही आटले. मध्ये वडगावातल्या कुणीतरी सांगितलं, की प्रियानं स्टिक सोडली.

इकडं कॉलेजच्या टीममध्ये करिष्मानं तो बॉल कितीदा तरी मारून पाहिला. तो सरळ लाइनीबाहेर जायचा. मॅडम बाहेरून ओरडायच्या, "तिथं तुझी आज्जी उभी हाय काय?" हळूहळू तिनं तो बॉल मारणंच सोडून दिलं.

रविवारी तिनं बेळगावच्या स्टँडवर निपाणीची बस धरली. कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे," म्हणत सगळ्यांना पुढं रेटत होता. तिनं आधारकार्ड दाखवलं, बायकांचं फुकटचं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसली. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट आला. घाटाच्या वळणावर तिच्या मनात आलं, की एवढं जवळ आहे हे. एवढं जवळ असून आपण कधी आलो नाही. आणि तीही नाही.

मैदान कॉलेजच्या मागं होतं. करिष्मानं ओढणी डोक्यावरून घेतली आणि पायऱ्यांवर गर्दीत जाऊन बसली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं एकेक पोरगी हेरायला सुरवात केली. गोलकीपर उंच, पण वाकायला कंटाळते. राइट विंग जोरात पळते, पण बॉल पायात घेते. मधली, सहा नंबर, सगळ्या टीमचा गाडा तीच ओढत होती. तिचा फटका तर असा होता, की बॉल लागला तर नडगीच फुटावी.

आणि डाव्या बाजूला अकरा नंबर. केस बारीक कापलेले, अंगानं वाळलेली. करिष्मानं तिला आधी ओळखलंच नाही. मग सहा नंबरकडं बॉल आला आणि अकरा नंबर निघाली. डावा खांदा पुढं टाकून, मान खाली घालून, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या दिशेनं. ते पळणं जगात दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

करिष्मा बसल्या जागी उठून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ, बसा की खाली."

बॉल आला नाही. सहा नंबरनं तो थांबवला, मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं आणि उजवीकडं दिला. प्रिया त्या रिकाम्या कोपऱ्यात एकटी उभी राहिली, मग वळून चालत परत आली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा पळाली, पुन्हा बॉल आला नाही, पुन्हा परत. तिनं हात वर केला नाही, हाक मारली नाही, कुणावर चिडलीही नाही. वडगावच्या त्या ओरडणाऱ्या पोरीच्या तोंडातून मॅचभर एक शब्द निघाला नाही. दर वेळी करिष्माचे हात मात्र मांडीवरच्या ओढणीत आवळत होते. आता मार, आता, आता. सुजलेलं बोट ठणकायला लागलं तेव्हा तिला कळलं, की आपण मूठ वळून बसलोय.

निपाणीवाल्या हरल्या. लोक उठले. करिष्माही उठली आणि फाटकाकडं निघाली. ती आपल्याला काय बोलेल, आपण तिला काय बोलणार, काहीच सुचत नव्हतं. न भेटता जावं असंही एकदा मनात आलं. तेवढ्यात मागून मैदान दणाणेल अशी हाक आली.

"करेऽऽ!"

प्रिया अनवाणीच पळत आली, बूट हातात. जवळ येऊन थांबली. मग प्रियानं तिचा बांधलेला हात धरला.

"हे काय करून घेतलंस?"

"स्टिक लागली. तू खेळतीस व्हय अजून? सोडलंस म्हणाले हुते."

"सोडलतो. आवंदा परत धरलो." प्रिया हसली. "तू कशाला आलीस इकडं?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी तिला जमलं नसतं. "तुमची टीम बघायला. मॅडमनी धाडलंय. पहिली मॅच तुमच्यासंगच हाय."

प्रियाला एवढं हसू आलं की ती खालीच बसली. "म्हणजे तू मला बघायला आलीस, आणि तुला म्हाईतच न्हवतं मी हाय म्हणून! बरं मग, सांग की. काय बघितलंस?"

करिष्मा तिच्या शेजारी गवतात बसली. "तू पळतीस," ती म्हणाली, "आणि बॉल येत न्हाय."

प्रियाचं हसू थांबलं. ती बुटाची नाडी सोडत, बांधत राहिली. "दिसलं व्हय तुला," ती हळूच म्हणाली. "हितं कुणाला दिसत न्हाय. सर म्हणतात, उगंच दमतीस कशाला. पण बॉल मधे आला की पाय ऐकतच न्हाईत गं."

"फोन का न्हाय केलीस?"

"तुझ्यासंग बोलायचं म्हणजे खेळाचं बोलायला लागतंय. आन् ते बोललं की मग रातभर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तू तरी कुठं केलीस?"

करिष्मानं बोटावरची सुटलेली पट्टी दाबून बसवली.

तेवढ्यात ती सहा नंबर पाणी पीत त्यांच्याजवळ आली. तेजस्वी तिचं नाव, टीमची कॅप्टन. हरल्याचा राग अजून नाकावर होता. "कोण गं ही?"

"ही करिष्मा," प्रिया म्हणाली. "माझी सेंटर हाफ."

ती 'होती' म्हणाली नाही. करिष्माच्या ते ध्यानात आलं. आणि तेजस्वीचा चेहरा उतरला, तेही तिला दिसलं. प्रियानं परत स्टिक धरल्यापासून ती पोरगी तिच्या शेजारी खेळत होती, आणि प्रियाची सेंटर हाफ कोण, तर येळ्ळूरची कुणीतरी.

"मग दाखव की," तेजस्वी म्हणाली. तिनं आपली स्टिक पुढं केली. बोलण्यात जरा ठसका होता.

"बोट बघ तिचं," प्रिया म्हणाली.

पण करिष्मानं स्टिक घेतली होती.

मैदान रिकामं झालं होतं. तेजस्वीनं उजवीकडून बॉल दिला, करिष्मानं तो तसाच कोपऱ्यात मारला. फारच लांब गेला. प्रिया पळाली, पोचली नाही, बॉल झेंड्यापलीकडं झुडपात. "म्हातारी झालीस!" प्रिया तिथूनच ओरडली. दुसरा आखूड पडला. तिसऱ्याला करिष्मानं विचारच केला नाही. फटका हाताला जाणवलाच नाही, एवढा हलका बसला, आणि मान वर केली तेव्हा प्रिया कोपऱ्यात होती आणि बॉल तिच्या स्टिकवर होता.

प्रियानं स्टिक वर करून तिच्याकडं रोखली. पूर्वी पोचलेल्या प्रत्येक बॉलला ती असंच करायची.

मग त्या थांबल्याच नाहीत. बोट ठणकत होतं, ओढणी केव्हाच गवतात पडली होती. एक झाला की आणखी एक. प्रिया पळत होती, ओरडत होती, शिव्या देत होती, अगदी वडगावच्या शाळेमागच्या मैदानावर द्यायची तशा. करिष्माला वाटलं, आता बेळगावची शेवटची बस गेली तरी चालेल.

तेजस्वी बॉल देत होती आणि बघत होती. बऱ्याच वेळानं ती जवळ आली. आता तिच्या बोलण्यात ठसका नव्हता. "मला जमंल का गं हे?"

करिष्मानं कोपऱ्याकडं पाहिलं. प्रिया कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती, पुढच्या बॉलची वाट बघत. हा बॉल कुणाला शिकवायचा असतो, असं करिष्माच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो त्या दोघींचा होता. शिकवला की तो दोघींचा उरणार नाही. आणि नाही शिकवला, तर उद्यापासून ती पुन्हा तिथं एकटीच पळत जाणार आणि चालत परत येणार.

"तू बॉल थांबवतीस," ती तेजस्वीला म्हणाली. "मग मान वर करतीस, मग मारतीस. तवर त्यांची राइट हाफ मागं आलेली असती. थांबवायचाच न्हाय. आला तसा मारायचा, झेंड्याकडं."

"आणि ती तिथं नसली तर?"

"असती."

"न बघता?"

"न बघताच. बघितलंस की चुकलंस."

तेजस्वीचे पहिले फटके भलतीकडंच गेले. तिचा जोर जास्त होता, करिष्मानं तो कमी करायला लावला. स्टिक कुठं धरायची ते बांधलेल्या हातानंच दाखवलं. शेवटी एक बॉल बरोबर गेला. कोपऱ्यातून प्रियानं स्टिक वर केली आणि रोखली, तेजस्वीकडं. करिष्मा टाळी वाजवायला गेली आणि तिचं बोट असं कळवळलं की डोळ्यांत पाणीच आलं. पाणी बोटाचंच होतं, असं तिनं बसमध्ये घाट ओलांडेपर्यंत स्वतःला सांगितलं.

सोमवारी तिनं मंगल मॅडमना सगळं सांगितलं. गोलकीपर, राइट विंग, सहा नंबर, अकरा नंबर. आणि शेवटी आपण काय करून आलो तेही.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "तुला बघायला धाडलं हुतं का शिकवायला? अगं, उद्या त्या आपल्याच उरावर बसतील की!"

"ती पळत हुती आणि बॉल येत न्हवता, मॅडम. बघवलं न्हाय."

मॅडमनी समोरची खुर्ची तिच्याकडं सरकवली. स्वतः खेळाडू होत्या त्या, कधी काळी. "बस खाली," त्या म्हणाल्या. "आता अकरा नंबरला कसं धरायचं ते तरी सांग."

तेही करिष्मानं चोख सांगितलं, काही हातचं राखलं नाही. आपली राइट हाफ रेणुका, तिनं बॉलकडं बघायचंच नाही, अकरा नंबरच्या डाव्या खांद्याकडं बघायचं. खांदा पुढं पडला की निघायचं.

टूर्नामेंटच्या दिवशी ऊन पडलं होतं. रेणुका प्रियाला सावलीसारखी चिकटून होती. अर्ध्या मॅचपर्यंत गोल नाही. त्यानंतर मॅडमनी करिष्माला आत पाठवलं, बोटाला नवी पट्टी बांधून. पेनल्टी कॉर्नरवर बेळगावनं एक गोल केला. रेणुका खूश झाली आणि तेवढ्यात क्षणभर तिची नजर बॉलवर गेली.

बॉल तेजस्वीकडं येत होता. करिष्मा तिच्या अगदी समोर होती. तेजस्वीनं तो थांबवला नाही. फटक्याच्या आधीच करिष्माला कळलं होतं तो कुठं जाणार, आणि तिनं जीव तोडून स्टिक टाकली. मुद्दाम सोडला असं कुणी म्हणू नये, आणि प्रियानं तर मुळीच म्हणू नये, म्हणून तिनं अंग झोकून दिलं. बॉल वीतभर पुढून गेला. चिखलात पडल्या पडल्या तिनं मान वळवली. कोपऱ्यात प्रिया होती, बॉल तिच्याकडं होता, आणि पुढं मोकळं रान.

गोल झाला तेव्हा करिष्माच्या तोंडून आनंदाचा अर्धा चीत्कार निघाला. तो तिनं तिथंच गिळला. प्रिया गोलापासून वळली, स्टिक वर केली आणि रोखली. ती स्टिक करिष्माच्या डोक्यावरून पलीकडं, तेजस्वीकडं होती. तेच रास्त होतं. बॉल तिनंच दिला होता. दोघी धावत आल्या आणि करिष्माच्या बाजूनं जाऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या. करिष्मा गुडघ्यांवरचा चिखल पुसत राहिली.

तसल्याच आणखी एका बॉलवर दुसराही गोल झाला. निपाणी दोन, बेळगाव एक.

पुढं करिष्माच्या टीमनं खानापूरला हरवलं आणि तिसरा नंबर घेतला. निपाणी फायनलला गेली, धारवाडशी हरली. पण युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसाठी पोरी निवडायला आलेल्या सरांनी निपाणीच्या दोघींची नावं घेतली, सहा नंबर आणि अकरा नंबर. या दोघींना एकत्रच खेळवायला पाहिजे, जोडी मोडून चालणार नाही, असं ते म्हणत होते. करिष्माचं नाव नव्हतं. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी," आणि लगबगीनं स्टिका मोजायला गेल्या.

निपाणीवाल्यांची गाडी फाटकाशी उभी होती. प्रिया उतरून आली.

"आता फोन करतो," ती म्हणाली. "आता खेळाचं बोलायला काय वाटायचं न्हाय मला."

"कर."

"तेजूसंग तसं जमत न्हाय गं. तुझ्यासारखं." प्रियानं तिच्याकडं न बघता सांगितलं.

हे ऐकायला करिष्मा दोन वर्षं थांबली होती. पण या बोलण्यात माया किती आणि खरं किती, हे तिला मैदानावरूनच कळलं होतं.

"जमतंय," ती म्हणाली. "मी बघितलंय."

प्रियानं तिला घट्ट धरलं. गाडीतून तेजस्वीनं हाक मारली. ती पळत गेली, डावा खांदा पुढं टाकून, आणि गाडी सुटली तेव्हा खिडकीतून तिचा हात बराच वेळ हलत होता.

करिष्मा येळ्ळूरच्या बसमधून घरी आली तेव्हा आई घरामागच्या परड्यात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, "कोण जिंकलं गं?"

"प्रिया," करिष्मा म्हणाली.

आईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "आमची प्रियू? वडगावची? बेळगावात आलती व्हय?" हातातला डहाळा तिनं बाजूला ठेवला. "मग घरला का न्हाय घेऊन आलीस तिला?"

करिष्मा आईच्या शेजारी बसली, एक डहाळा ओढून घेतला आणि एका हातानं शेंगा तोडायला लागली.